तीन तास चाळीस मिनिटांचा ब्रेड

मी सहसा खोटं बोलत नाही. यात सद्गुणाचा भाग थोडा आणि आळसाचा जास्त आहे. खोटं बोललेलं पुढे लक्षात ठेवावं लागतं, आणि लक्षात ठेवण्याचं काम मी ऑफिसात दिवसभर करतो. आवक-जावक विभागात आहे मी. पण त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बाबांचा रक्ताचा रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला, चष्मा काढला आणि बाबांना सोडून माझ्याकडे बघत विचारलं, "हे सकाळी काय खातात?"

"चहा आणि ब्रेड," बाबांनी सांगून टाकलं.

"कुठला ब्रेड?"

खरं उत्तर असं होतं की कोपऱ्यावरच्या बेकरीतला, पांढराशुभ्र, मैद्याचा, रोज सहा स्लाइस, वर लोण्याचा थर, आणि हे गेली चाळीस वर्षं. पण बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू ते लोणी मीच लावून देतो. बरं, लावून मीच देतो, हा भाग निराळा. बाबा तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो, "घरचा असतो. कणकेचा. आम्ही मशीनमध्ये करतो."

बाबांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे कुतूहलानं पाहिलं.

"अरे वा," बाई म्हणाल्या. "मग साखर एवढी कशी?"  त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "महिन्यानं परत या. आकडा खाली आला नाही तर इंजेक्शन सुरू करावं लागेल. रोज, कायमचं. आणि येताना तो ब्रेड घेऊन या. इथे प्रत्येक जण मला सांगतो की घरी करणं जमत नाही. त्यांना दाखवायला बरा."

जिना उतरताना बाबा म्हणाले, "मशीन कधी घेतलंस?"

"आज संध्याकाळी घेतोय."

बाबा एका कारखान्यात चौतीस वर्षं होते, त्यातली शेवटची पंधरा फोरमन म्हणून. मशीनचा विषय निघाला की ते गंभीर होतात. दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "ठीक आहे. तुझा ब्रेड खाण्यासारखा झाला की मी बेकरीचा सोडतो. तोवर नाही." मग जरा वेळानं, रेलिंगकडे बघत, "रोज म्हणजे रोजच टोचतात का रे?" लेथवर हात तोडून घेणाऱ्यांना खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलेला हा माणूस, पण रक्त काढताना भिंतीकडे तोंड करून बसतो. मला त्यांची दया आली आणि स्वतःची भीती वाटली. हातात एक महिना होता.

बायकोचं मत थोडक्यात होतं. "खोटंच बोलायचं होतं तर फळं खातात म्हणायचं. फळं विकत मिळतात."

मशीन आलं. दिसायला ते एखाद्या छोट्या टाकीसारखं होतं. वर झाकण, झाकणाला काचेची खिडकी, आत एक डबा आणि डब्याच्या तळाशी खुंटीवर बसवायचं एक बोटभर पातं, ते फिरून कणीक मळतं. आपण पाणी, पीठ, मीठ, तेल, यीस्ट घालायचं, बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. कणकेच्या ब्रेडला तीन तास चाळीस मिनिटं. माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरात लिहिलं होतं की दरम्यान झाकण उघडू नये. हे वाक्य घरातल्या तिघांनीही मोठ्यानं वाचलं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आवक-जावकमध्ये वीस वर्षं काढली की माणसाला नंबर न दिलेली वस्तू बघवत नाही. मी एक वही घातली. ब्रेड क्रमांक, तारीख, पाणी, पीठ, शेरा. ब्रेड क्रमांक एक बाहेर आला तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं हे मला सुचेना. बाबांनी त्यांचं व्हर्नियर आणलं, ब्रेडला लावलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "बावन्न मिलिमीटर. पुस्तकात किती दिलेत?"

"एकशे दहा."

"मग हा नापास." आणि त्यांनी बेकरीच्या ब्रेडला लोणी लावायला घेतलं.

क्रमांक दोन फुगला. इतका छान फुगला की मी शेजारच्यांना बोलवायला गेलो, आणि त्यांना घेऊन येईपर्यंत तो मध्ये खचला. आलेल्यांमध्ये वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर होते. ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण इमारतीतला प्रत्येक माणूस त्यांना अजून सातवीत दिसतो. त्यांनी खड्ड्याकडे बराच वेळ पाहिलं. "हे बघा, यात मूलभूत चूक आहे."

"कुठली, सर?"

"ते तुम्ही शोधायचं. मी सांगितलं तर तुम्ही शिकणार कसे?"

क्रमांक तीननं झाकण उचललं. आम्ही जेवत होतो आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी सुस्कारा टाकावा तसा आवाज आला. जाऊन पाहतो तर झाकण अर्धं वर आणि कणीक फटीतून बाहेर डोकावतेय. वास्तविक पीठ तेच, पाणी तेच, मापं मी स्वतः दोनदा तपासलेली. एकाच मापात एक ब्रेड दगड, दुसरा खड्डा आणि तिसरा पूर, हे कसं, ते मला समजेना. मी वहीत लिहिलं, 'कारण अज्ञात. चौकशी सुरू.' बायकोनं ते वाचलं आणि वही मिटून ठेवली.

चौकशी सुरू झाली खरी, पण माझी. सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली होती की आमचं मशीन मळायला लागलं की त्यांच्या कपाटातल्या बश्या वाजतात. पत्राचा विषय होता, 'निवासी सदनिकेत यांत्रिक उत्पादन करण्याबाबत'. पत्राची भाषा अत्यंत निर्दोष होती. ऑफिसात असं पत्र आलं असतं तर मी आदरानं नोंदवलं असतं. घरी आलं तेव्हा माझे कान लाल झाले.

रविवारी पाहणी समिती आली. सेक्रेटरी, तक्रारदार बाई आणि सदस्य म्हणून हेडमास्तर. मी म्हणालो, दहा मिनिटं मळणं बघा आणि निर्णय द्या. सेक्रेटरी म्हणाले, "तसं चालत नाही. संपूर्ण प्रक्रियेची पाहणी असं ठरावात आहे." मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं की संपूर्ण प्रक्रिया तीन तास चाळीस मिनिटांची आहे. पण त्यांनी विचारलं नाही आणि माझा स्वाभिमान दुखावलेला होता.

तिघं जण खुर्च्या ओढून मशीनसमोर बसले. बाबा स्टुलावर. मशीन पंधरा मिनिटं घुरघुरलं आणि गप्प झालं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. बाईंनी विचारलं, "बंद पडलं का?"

"नाही, विश्रांती घेतंय," बाबा म्हणाले. "कणीक आता फुगते."

"किती वेळ?"

"पन्नास मिनिटं. मग परत दोन मिनिटं मळणार, मग परत विश्रांती."

"बरं आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या नशिबात नाही असं काम." दुसऱ्या चहानंतर त्या सोफ्यावर सरकल्या आणि झोपल्या. सेक्रेटरींनी वेळ काढायला खिडकीच्या सज्ज्याची पाहणी केली आणि तिथे माझ्या दोन कुंड्या नियमबाह्य निघाल्या. हेडमास्तरांनी बायकोला विस्तव, हवा आणि यीस्ट यांवर, म्हणजे यीस्ट कशानं जगतं आणि उकळत्या पाण्यात कसं मरतं यावर, एक धडा दिला. संध्याकाळ झाली तेव्हा मशीन वाजलं. मी डबा पालथा केला. क्रमांक चार टेबलावर पडला तसं टेबलावरचं सगळं हललं आणि बाई दचकून जाग्या झाल्या. "हाच तो आवाज," त्या म्हणाल्या.

समितीचा अहवाल दोन दिवसांनी फलकावर लागला. 'सदर सदनिकेत उत्पादन म्हणता येईल असे काहीही होत असल्याचे आढळले नाही. तक्रार निकाली.' केस मी जिंकलो होतो. जिना चढणारा प्रत्येक जण तो अहवाल वाचून मग वर येत होता.

आता क्रमांक एक ते चारचं काय करायचं हा प्रश्न होता. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी पिशवीत हात घातला, एक ब्रेड काढून डब्याच्या कडेवर आपटून पाहिला. "हे ओल्यात की सुक्यात?"

"ओल्यात. अन्न आहे."

"हे?" त्यांनी परत आपटला. "साहेब, हे बांधकामाच्या कचऱ्यात जातं. त्याची गाडी वेगळी. अर्ज द्यावा लागतो." आणि पिशवी माझ्या हातात देऊन त्या वरच्या मजल्यावर गेल्या.

बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "अन्न आहे, टाकायचं नाही. आण इकडे." आई गेल्यापासून बाबा कामाशिवाय घराबाहेर पडले नव्हते. फिरायला चला म्हटलं की म्हणायचे, कुठे? कुठे तेच नाही तर परत कुठून यायचं? त्या सकाळी त्यांनी बूट घातले, कापडी पिशवी घेतली आणि तळ्यावर बदकांना घालायला गेले. तासानं पिशवी रिकामी करून आले.

"खाल्लं?"

"बदकं बघायला आली. पण तोवर ते तळाशी गेलं होतं."

क्रमांक पाच करायला घेतला तेव्हा लक्षात आलं की डब्याच्या तळाची खुंटी उघडी आहे. पातं नाही. ओटा पाहिला, भांडी पाहिली, मोरीची जाळी काढून पाहिली. मग बायकोनं शांतपणे विचारलं, "ब्रेड भाजताना पातं कुठे असतं?" पातं ब्रेडच्या पोटात असतं. भाजून झाला की काढून घ्यायचं असतं. पाहणी समितीच्या गडबडीत मी ते क्रमांक चारमध्ये तसंच ठेवलं होतं. म्हणजे ते आता तळ्यात होतं.

मशीनच्या दुरुस्ती केंद्रात काउंटरवर एक तरुणी होती, अतिशय नम्र. "तुटलेला भाग जमा करा सर, नवा लगेच मिळेल."

"तुटला नाही. हरवलाय."

"हरवलेल्या भागाला वॉरंटी नाही सर. तुटलेल्याला आहे."

"तो हरवल्यानंतर तुटला असू शकेल."

"मग तुटलेला आणा." तिनं मला एक अर्ज दिला. त्यात एक रकाना होता, 'भाग शेवटचा कुठे आढळला'. मी 'तळे' असं लिहिलं. तिनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. दुसऱ्यांच्या अर्जांवर मी आयुष्यभर असेच शिक्के मारत आलो आहे, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. आठ आठवडे लागतील म्हणाली. माझ्याकडे सतरा दिवस उरले होते.

घरी येऊन मी सोफ्यावर बसलो आणि जाहीर केलं की मी डॉक्टरांना फोन करून खरं सांगतो. बाबांनी ऐकलं. ते उठून स्वयंपाकघरात गेले, भांड्यांच्या रॅकमधून स्टीलची मोठी पळी उचलली, ती वाकवून पाहिली आणि गॅलरीतल्या त्यांच्या टेबलाशी गेले. तिथे वस्तू घट्ट धरायचा छोटा वाइस लावलेला आहे, तो चार वर्षांत उघडलेला मी पाहिला नव्हता. दोन दिवस करवत आणि कानस चालली. खालच्या बाईंनी तक्रार केली नाही, बहुधा परत तीन तास बसायला लागेल या धास्तीनं. तिसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या तळहातावर पातं ठेवलं. मूळ पात्यापेक्षा ते सुबक होतं. "कंपनीच्या पात्याचा कोन चुकीचा होता," ते म्हणाले. मी पातं उलटसुलट करून पाहिलं आणि मला एकदम भरून आलं, ते मी पळीचं नुकसान झाल्याबद्दल बायकोची समजूत घालण्यात दडवलं.

पातं आलं, पण ब्रेड काही सुधारेना. पाचवा चिकट, सहावा पोकळ, सातव्याला बाहेरून साल आणि आत पीठ. फरक एवढाच पडला की बाबांना गिऱ्हाईक मिळालं. तळ्याच्या पलीकडे, पूल ओलांडून, घोडेस्वारी शिकवायची शाळा आहे. तिथे एक म्हातारा घोडा होता, त्याच्यावर आता कुणाला बसवत नसत. तो वाळका, कडक ब्रेड आवडीनं खातो असं बाबांना तळ्यावर कुणीतरी सांगितलं. बाबा ब्रेड उन्हात वाळवत, हातोडीनं फोडून तुकडे करत, पिशवी भरत आणि सातला घर सोडत. जाऊन येऊन सहा किलोमीटर. तिथे घोडा सांभाळणारा एक माणूस होता, त्याच्याबरोबर बिनसाखरेचा काळा चहा, घोड्याच्या वाटणीतलं एखादं गाजर, तासभर गप्पा. परत येईपर्यंत साडेनऊ वाजायचे. मग ते आंघोळ करून थेट जेवायलाच बसायचे. बेकरीचा ब्रेड डब्यात तसाच राहायला लागला. तो मी ऑफिसला नेत होतो आणि त्यापलीकडे विचार करत नव्हतो, कारण माझं सगळं लक्ष वहीकडे होतं.

वहीतून काही निघालं नाही. निघालं ते चष्म्यामुळे. पाहणीनंतरच्या दुसऱ्या रविवारी क्रमांक तेरा लावला, बाहेर वाचायला बसलो, पण चष्मा ओट्यावर राहिला होता म्हणून परत आत गेलो. पाहतो तर बायको मशीनचं झाकण उघडून चमच्यानं पाणी घालतेय.

"अगं, काय करतेस?"

"कोरडी दिसत होती. एकच चमचा." ती जराही ओशाळली नाही. "मी रोजच घालते."

"रोज?"

"मला बघवत नाही. कणीक कोरडी दिसली की हात शिवशिवतात."

एवढ्यात बाबा आले. त्यांच्या हातात वाटीभर पीठ होतं. आम्हाला बघून त्यांनी वाटी पाठीमागे नेली.

"बाबा, ते काय आहे?"

"अरे, तुझ्या मापात पाणी जास्त पडतं," बाबा म्हणाले. "मी दरवेळी बघतो, कणीक सैल झालेली असते. मशीनला मदत करावी लागते. चौतीस वर्षांत एकही मशीन मी एकटं सोडलेलं नाही."

म्हणजे गेले बारा ब्रेड ही पाणी घालत होती, ते सैल झालं म्हणून बाबा पीठ घालत होते, ते घट्ट झालं म्हणून ही परत पाणी. मी संतापानं काय बोलणार होतो ते आता आठवत नाही, कारण बायकोनं विचारलं, "आणि मशीन लावून झाल्यावर तुम्ही परत ओट्यापाशी काय करत होतात? चष्मा इथे राहिला कसा?"

मी चिमूटभर जास्तीचं यीस्ट घातलं होतं. दरवेळी घालत होतो. फुगेल की नाही याची धाकधूक वाटायची म्हणून. ते मी वहीत लिहिलेलं नव्हतं.

तिघं जण मशीनभोवती उभे राहिलो. काचेच्या खिडकीतून क्रमांक तेरा आमच्याकडे बघत होता. त्याच दिवशी ठरलं की मशीन बेडरूममध्ये ठेवायचं आणि बटण दाबलं की दाराला कुलूप लावून किल्ली वरती हेडमास्तरांकडे द्यायची. ते कुणाला वेळेआधी सोडत नाहीत.

चौदाव्यात फरक दिसला. पंधरावा एका बाजूला कलला. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी सोळावा बाहेर आला आणि मी डबा पालथा केला तेव्हा तो अलगद सुटून हातावर बसला. उंच, तपकिरी, वर गोल. घरभर भाजलेल्या गव्हाचा वास. बाबांनी व्हर्नियर आणलं नाही. त्यांनी एक स्लाइस कापली, तोडून पाहिली, तोंडात घातली आणि दुसरी कापली. आम्ही तिघांनी उभ्या उभ्या खाल्ला. मी सुखी होतो, हे मी लपवत नाही. आयुष्यात माझ्या हातून पत्रं पुढे गेली, फायली पुढे गेल्या, पण माझ्या हातून काही तयार झालं असं पहिल्यांदाच घडत होतं. रात्रीच दुसरा लावला, डॉक्टरांसाठी.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, परत पाहिला. "एकशे ब्याऐंशीवरून एकशे सव्वीस. काय केलंत?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून ब्रेड काढून टेबलावर ठेवला. बाईंनी तो हातात घेतला, दाबला, वास घेतला. "पथ्य याला म्हणतात," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन नको. हेच चालू ठेवा." ब्रेड त्यांनी टेबलावर ठेवून घेतला आणि बाहेरच्या पेशंटला आत बोलावून दाखवला. मी जिना उतरलो तेव्हा माझी मान इतकी ताठ होती की शेवटची पायरी दिसली नाही. गुडघा फुटला, पण वाईट वाटलं नाही.

मी चालू ठेवलं. एक दिवसाआड एक ब्रेड, प्रत्येक चांगला. हेडमास्तर किल्ली देताना आता स्लाइस मागून घेत. बाबांनी बेकरी शब्दाला जागून सोडली आणि माझ्या ब्रेडच्या सहा स्लाइस खायला लागले. मग सात. वर लोणी, कारण कणकेचा आहे, पौष्टिक आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय. खाऊन झालं की बेडरूमच्या दाराशी स्टूल टाकून मशीनचा आवाज ऐकत बसायचे. घरी टोचून साखर बघायचं यंत्र आहे. रविवारी सकाळी बाबा भिंतीकडे तोंड करून बोट पुढे करतात. पहिल्या रविवारी एकशे एकतीस आला. दुसऱ्या रविवारी एकशे चव्वेचाळीस. तिसऱ्या रविवारी एकशे त्रेसष्ट.

"मशीन बिघडलं असेल," मी म्हणालो. "साखरेचं."

बायकोनं मला आत बोलावलं. "अहो, तुमच्या ब्रेडनं साखर उतरली नव्हती. तुमचा ब्रेड त्या महिन्यात कुणी खाल्लाच नाही. घोड्यानं खाल्ला. बाबा रोज सहा किलोमीटर चालत होते आणि सकाळी गाजर खात होते."

मी अर्धा तास वाद घातला. कोंडा, तंतू, पचन, जे जे पुस्तिकेत वाचलं होतं ते सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी माझं मलाच पटेनासं झालं आणि मी खाली बसलो. बाबांना इंजेक्शन लागणार, ते माझ्या चांगल्या ब्रेडमुळे, हे गिळायला क्रमांक एकपेक्षा जड होतं.

संध्याकाळी मी बाबांना म्हणालो, "घोड्याकडे जाऊन या ना."

"काय घेऊन? आता ब्रेड चांगला होतो."

"तोच न्या."

"चांगलं अन्न घोड्याला?" बाबा दुखावल्यासारखे झाले. "तू एवढं मन लावून करतोस आणि मी तो जनावराला घालू? आणि त्याला मऊ लागतही नाही."

"मग नुसतंच फिरून या."

"नुसतं कुठे जायचं?" म्हणून त्यांनी पेपर उघडला. पण पेपर ते वाचत नव्हते. पुलाच्या दिशेला खिडकी आहे, तिकडे बघत होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून मी पाणी मोजलं, पीठ मोजलं, आणि यीस्टचा चमचा हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. मग चमच्यातलं निम्मं परत पुडीत ओतलं.  चांगला करायला मला महिना लागला होता आणि बिघडवायला अर्धा चमचा पुरला. मशीन लावलं, कुलूप शोधायला जरा बाहेर गेलो, मग दार लावून किल्ली वर देऊन आलो आणि कुणालाही काही न सांगता तीन तास चाळीस मिनिटं पेपर वाचला.

माझ्या हिशेबानं तो निम्मा तरी फुगायला हवा होता. दार उघडून डबा पालथा केला तर काहीच पडलं नाही. दोनदा आपटला. तिसऱ्यांदा आपटल्यावर जे बाहेर आलं ते क्रमांक एकपेक्षा बुटकं होतं. मी एक कोपरा कसाबसा तोडून जिभेवर ठेवला. खारट. मीठ निदान तिप्पट होतं, आणि मीठ मी एकदाच घातलं होतं.

मी वर पाहिलं. बायको ओटा पुसत होती. तो पुसून झालेला होता. बाबा पंख्याकडे बघत होते.

"बाबा," मी म्हणालो, "किल्ली वर देण्याआधी कुणी आत गेलं होतं का?"

"तू यीस्ट किती घातलंस?" बाबांनी पंख्याकडे बघतच विचारलं.

"पुस्तकाप्रमाणे."

"मग मी पण मीठ पुस्तकाप्रमाणेच घातलं."

"मी फक्त गरम पाणी घातलं," बायको म्हणाली. "उकळतं."

 बाबांनी ब्रेड उचलला, बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि मान हलवली. गॅलरीतून हातोडी आणली. ब्रेड हातोडीनं फुटला नाही, वाइसमध्ये धरून करवतीनं कापावा लागला. पिशवी भरली तेव्हा ती इतकी जड झाली की बाबांना दारापर्यंतही नेववेना. मी ऑफिसात फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितलं आणि बूट घातले.

जिन्यात हेडमास्तर भेटले. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि फार वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "परत मूलभूत चूक." मी मान खाली घालून हो म्हणालो.

पूल ओलांडेपर्यंत आम्ही तीन वेळा पिशवी खाली ठेवली. बाबा वाटेतला प्रत्येक खांब, प्रत्येक दुकान ओळखीचं असल्यासारखे चालत होते, आणि मला त्यांच्याबरोबर राहायला धाप लागत होती. घोडा कुंपणाशी येऊन उभा होता. त्यानं पहिला तुकडा घेतला, बराच वेळ चावला आणि मान पुढे करून दुसरा मागितला. घोड्यांना मीठ आवडतं, हे मला तिथे कळलं. तो सांभाळणारा माणूस चहाची किटली घेऊन आला आणि घोड्याचं खाणं बघत राहिला.

"इतकं मन लावून त्यानं कधी खाल्लं नव्हतं," तो म्हणाला. "काका, आजचा कुणी केलाय?"

"माझ्या मुलानं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.